काठावरचा हात

मनुबाईच्या गळ्यात तिची सवत होती. बोटाच्या पेराएवढा, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक, त्यावर उठवलेली बाईची आकृती. आमच्याकडे पहिली बायको मेली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर नवीच्या गळ्यात आधी मेलेलीचा टाक पडतो, मग मंगळसूत्र. सवतीचा मान ठेवला म्हणजे ती संसारात लुडबुड करत नाही, असा हिशेब. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, ताट पुढे आलं की पहिला घास टाकाला दाखवून बाजूला काढायचा. बाई जिवंत असताना तिला कुणी जेवलीस का म्हणून विचारत नाही, मेल्यावर मात्र घास काढून ठेवतात.

मनुबाईच्या टाकावरच्या बाईला आता नाकडोळे उरले नव्हते. अंगठ्याने चोळून चोळून ते गुळगुळीत झाले होते. नाथाजी गेले तेव्हा बायकांनी मनुबाईचं मंगळसूत्र उतरवलं, बांगड्या फोडल्या, आणि टाकालाही हात घालायला गेल्या.

"त्येला हात लावू नगासा," मनुबाई म्हणाली. "नवरा गेला, सवत कुठं गेली?"

बायका त्या रडारडीतही हसल्या. मनुबाई हसली नव्हती.

टाकावरची बाई म्हणजे केराबाई. बोरजाईवाडीचा खून खटला म्हटलं की तासगावच्या स्टँडवरचे चार म्हातारे अजूनही चहाचा कप खाली ठेवतात. द्राक्षबागा यायच्या आधीची गोष्ट. नाथाजीची तरणीताठी बायको सकाळी विहिरीत सापडली. नाथाजीला धरून नेलं. खालच्या कोर्टात फाशीची शिक्षा झाली, वरच्या कोर्टात पुरावा कमी पडला म्हणून ती रद्द झाली. तोवर तमाशावाल्यांनी त्याचा वग बसवून चार जत्रा मारल्या होत्या. नाथाजी सुटून आले ते अनवाणी, आणि मरेपर्यंत पायात पायताण घातलं नाही. सिद्धनाथाला नवस बोलला असेल, असं लोकांनी ठरवून टाकलं.

आसपास कुणी पोरगी देईना, म्हणून म्हसवडकडच्या दुष्काळी मुलखातून मनुबाई आणली. तिच्या बापाने एकच चौकशी केली, विहिरीला पाणी किती आहे. पाणी भरपूर होतं.

नाथाजी वाईट नवरा नव्हते, हीच तर पंचाईत. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. रानातून आले की उंबऱ्यात बसून भेगाळलेल्या टाचा पुढे करायचे आणि मनुबाई त्यांना कोमट तेल चोळायची. फक्त दिवा मालवला की म्हणायचे, "टाक पाठीवर टाक. ती बघती." मनुबाई दोरा फिरवून टाक पाठीवर घ्यायची. अशा रीतीने केराबाईकडे पाठ करून, खरं तर केराबाईला पाठीवर घेऊन, तिचा संसार झाला.

शेवटच्या दुखण्यात नाथाजींना पाणी पाजायला ती वाकली आणि टाक लोंबून त्यांच्या छातीवर टेकला. तापाने लाल झालेले डोळे एकदम उघडले. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "केरा, हात सोड. काठ सोड म्हंतो न्हवं." एवढंच. पाणी ओठांतून बाहेर सांडलं, आणि त्याच आजारात ते गेले.

तेव्हापासून मनुबाईला माहीत होतं. केराबाईला तर आधीपासूनच माहीत होतं. लेकराबाळांसाठी दोघींनी मिळून गप्प राहायचं ठरवलंय, अशी मनुबाईने आपली समजूत करून घेतली होती. केराबाईला कुणी विचारलं होतं?

तर एवढं सगळं बुजून गेलेलं असताना टीव्हीवाले आले. त्यांना या खटल्यावर चित्रपट करायचा होता. सिनेमागृहात लागणारा नव्हे, टीव्हीवरच दाखवायचा. मनुबाईचा नातू ऋषिराज बेदाण्याचा व्यापार करायचा. ती विहीर त्याच्या बापानेच बुजवली होती, आणि आता तिच्यावर बेदाण्याचं शेड उभं होतं. ऋषिराजने आधी कोर्टाची भाषा केली. मग दुसऱ्या दिवशी तोच त्यांना घेऊन तासगावात जेवायला गेला.

त्याला कारण पूजा. ऋषिराजची धाकटी बहीण, सांगलीला दवाखान्यात रक्त तपासायचं काम करणारी. पोरगी लाखात एक. स्थळ यायचं, पोहे खायचं, आणि जाताना गावात कुणीतरी त्यांच्या कानाला लागायचं, "त्या हिरीवाल्यांची व्हय?" की स्थळ गप. आता कोरेगावचं एक चांगलं घर जवळजवळ ठरत आलं होतं. तेवढ्यात हा चित्रपट.

"आज्जी, म्या सगळं ठरवून आलोय," ऋषिराज म्हणाला. "आज्याचं नाव स्वच्छ हुणार. केराबाईचं येका मास्तरासंगं सूत हुतं, बोभाटा झाला म्हणून तिनं उडी घेतली. झालं. आता जगाला कळंल, आमचं घराणं खुन्याचं न्हाई."

"मास्तर कुठनं काढलास?"

"त्यो त्येंनी काढला. टीव्हीला लागतंय तसलं."

"आन केराबाईचं नाव?"

"ती मेली, आज्जी. पूजा जिती हाय."

पूजा तिचा जीव होती. लहानपणी हीच पोरगी तिच्या मांडीवर बसून टाकाला "थोरली आजी" म्हणायची आणि आपल्या लाडवातला कण त्याला चिकटवायची. आता मोठी होऊन शिकली होती, असल्या गोष्टींना हसायची. तिचं लग्न ठरत असताना मेलेलीचा कैवार घ्यायचा कुणी? मनुबाईने टाक पदराआड सरकवला.

पण त्या दिवसापासून घास घशाखाली उतरेना. पहिला घास काढून ओट्यावर ठेवायची, तो संध्याकाळपर्यंत तसाच. कावळा नाही, चिमणी नाही, मुंगीसुद्धा नाही. सकाळी उठावं तर गळ्यातला काळा दोरा ओला. तासगावचा उन्हाळा, पत्रे तापलेले, आणि दोरा पिळला तर पाणी निघेल असा.

"घाम असंल, आजी," पूजा म्हणाली.

"घामाला शेवाळाचा वास येतोय व्हय गं?"

पूजाने नाक जवळ आणलं. मग दोरा बदलून दिला. नवाही सकाळी ओलाच निघाला.

आपली विहीर बुजलेली, म्हणून टीव्हीवाल्यांनी कोरेगावच्या पलीकडे एका मळ्यात जुनी दगडी विहीर धरली होती. घरच्या मोठ्या बाईच्या हातून नारळ फोडायचा म्हणून ऋषिराजने मनुबाईला गाडीत घालून तिथे नेलं. दिव्यांचे खांब, वायरींची भेंडोळी, खुर्च्या, छत्र्या. जत्रेत देवळापुढे असते तशी गर्दी. त्या गर्दीतून हिरव्या लुगड्यातली एक पोरगी आली आणि तिने मनुबाईच्या पायांना हात लावला. मनुबाईचा हात टाकाकडे गेला.

"मी प्रियंका, सांगलीची. केराबाईचं काम मी करते, आजी. कशी होती हो ती?"

मनुबाईने केराबाईला जन्मात पाहिलं नव्हतं. पण तोंडातून आपोआप आलं, "भाकरी गरम लागती तिला. घास गार झाला की रुसती. हिरवं लुगडं आवडतंय, जांभळं न्हाई." शेजारच्या घरातल्या बाईबद्दल सांगावं तसं ती सांगत गेली. प्रियंका ऐकत गेली.

"आणि उडी मारताना काय करू? ते म्हणतात, डोळे मीट आणि जा."

मनुबाईने इकडेतिकडे बघितलं. ऋषिराज लांब फोनवर होता. तिने पोरीचं मनगट धरून जवळ ओढलं.

"काठ धर," ती म्हणाली. "सहजी सोडू नगंस."

प्रियंकाच्या कमरेला पट्टा होता, खाली जाळी होती, सगळा बंदोबस्त होता. ती धावत आली, तोल गेला, आणि शेवटच्या क्षणी तिच्या हाताने दगडी काठ धरला. बोटं पांढरी पडली. कुणी थांब म्हणेना. तो हात तिथे होता, नुसता हात, आणि सगळा मळा त्याच्याकडे बघत होता. मनुबाईने टाक मुठीत घट्ट आवळला.

मेल्याचं काम केलं की लगेच कॅमेऱ्यापुढे हसून दाखवायचं, म्हणजे अपशकुन फिटतो, अशी त्या लोकांतली रीत आहे. सगळे प्रियंकाला म्हणाले, हस. तिने दोनदा तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. परत जाताना ती मनुबाईपाशी थांबून बोटं चोळत होती.

मनुबाईला मात्र त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी भूक लागली. आपल्याला तोंड उघडायला नको. हात दिसेल, बघणारा काय ते समजेल, न समजणारा मास्तराच्या गोष्टीवर खूश राहील. पूजाचं लग्नही होईल आणि केराबाईचा घासही उतरेल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही, असं तिला वाटलं. म्हातारपणी माणूस फार लबाड होतो.

चित्रपट लागायचा त्या रविवारी ऋषिराजने बोरजाईच्या देवळापुढे मोठा पडदा लावला. सगळ्या गावाला जेवण सांगितलं. पुढच्या खुर्च्यांवर कोरेगावचे पाहुणे: नवरा मुलगा वीरधवल, त्याची आई, चुलते. मनुबाई देवळाच्या दगडी ओट्यावर बसली, कडेला, आणि तिच्या खालच्या पायरीवर पूजा.

पडद्यावर केराबाई विडा खात होती. मास्तराकडे बघून हसत होती, पदर सावरत होती, नवऱ्याच्या ताटात भाकरी टाकल्यासारखी वाढत होती. मागे पोरांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यावरचा नाथाजी तर असा गरीब, की गाईनेही त्याच्यापासून शिकावं. टीव्हीवर सगळं स्वच्छ दिसतं.

मग विहीर आली. हिरव्या लुगड्यातली प्रियंका धावत निघाली. मनुबाई पुढे सरकली आणि तिने ओट्याची कड धरली. आता. आता हात येईल.

प्रियंका गेली ती सरळ पाण्यात. पाणी उडालं, थोडं हललं, शांत झालं. हात नव्हताच. कापून टाकला होता.

पडद्यावर पाटी आली, नाथाजी निर्दोष होते म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीरधवलची आई शेजारणीला म्हणाली, "बया! असली हुती व्हय ती? उगंच बिचाऱ्या म्हाताऱ्याला जलमभर बट्टा. मेली ती बरं झालं."

"खोटं हाय ह्ये," मनुबाई म्हणाली.

तिला वाटलं, ती मनात म्हणाली. पण टाळ्या थांबल्या होत्या आणि माना वळल्या होत्या.

"खोटं हाय. तिनं उडी मारली न्हाई."

ऋषिराज लगबगीने आला. पाहुण्यांकडे बघून हसला, मग खाली वाकून दातांतून बोलला, "आज्जी, गप. घरी चल." मनुबाई हलली नाही. त्याने तिचं मनगट धरून ओढलं. तिने ओट्याची कड धरलेली होती, ती सुटेना. "आज्जी, हात सोड," तो म्हणाला. मग चिडून, "हात सोड म्हंतो न्हवं!"

आवाज त्याचा होता, पण शब्द नाथाजींचे होते, जसेच्या तसे, आणि चीडही तीच. मनुबाईने वर बघितलं तर दिव्याच्या उजेडात वाकलेलं तेच कपाळ, तीच भुवयांमधली गाठ.

"न्हाई सोडणार," ती ओरडली. "न्हाई सोडणार मी!"

कुठल्याशा बाईने किंकाळी फोडली, "केराबाई आली गं! मनुबाईच्या अंगात केराबाई आली!"

मग काय विचारता. बायका धावल्या. कुणी कपाळाला कुंकू फासलं, कुणी पायावर पाणी घातलं, कुणी लिंबू आणायला पळालं. "मी मनू हाय," मनुबाई म्हणू लागली, "मला काय झालं न्हाई..." तशी ऋषिराजला वाट सापडली. "वय झालंय," तो पाहुण्यांना सांगू लागला, "हल्ली डोकं ठिकाणावर नसतंय तिचं. काय बी बोलती."

मनुबाईला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. मनू म्हणून बोलली तर ती खुळी म्हातारी. हात धरून घरी नेतील आणि आतून कडी लावतील. केराबाई म्हणून बोलली तर सगळं गाव हात जोडून ऐकेल. आणि समोर पूजा उभी होती, घाबरलेली, आणि तिच्यामागे कोरेगावचे पाहुणे. मनुबाईने पूजाकडे बघितलं. पोरी, मला माफ कर, असं ती मनात म्हणाली. मग तिने डोळे मिटले आणि गळ्यातलीला आपलं तोंड दिलं.

"मी उडी मारली न्हाई," ती म्हणाली. "मला ढकाललं. माझा हात काठावर हुता."

बायकांनी हात जोडले.

मागून धोंडिराम पुढे आले. बौद्धवाड्यातले, मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले, गावात शब्दाला वजन असलेले. गावाची नको ती कामं ज्यांच्या वाट्याला होती त्यांतले त्यांचे वडील. केराबाईला वर काढायला त्यांनाच विहिरीत उतरवलं होतं.

"मी अंगात येणं मानत न्हाई," धोंडिराम म्हणाले. "पण वैनी, तुमी कोण बी असा, मला येक सांगा. हात काठावर हुता, तर मग सुटला कसा?"

हे मनुबाईला माहीत नव्हतं. नाथाजी त्या तापात एवढंच बोलले होते, हात सोड, काठ सोड. पुढचं काही नाही. आता काय सांगायचं, असा विचार तिच्या मनात येतो न येतो तोच तिचं तोंड उघडलं.

"सुटला न्हाई," तोंड म्हणालं. "त्यानं पायताण ठेवलं बोटांवर. टाचंला नाल हुता. मग भार दिला."

धोंडिरामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाप मरंस्तवर सांगायचा," ते म्हणाले. "चारी बोटं चेचल्याली. वर नालाचा वळ, अर्ध्या चंद्रागत. पर पंचनाम्याला बापाला कुणी इचारलं न्हाई. मढ्याला आमचा हात चालला, आमचं तोंड चाललं न्हाई."

मनुबाईने डोळे उघडले. तिला नाथाजींच्या टाचा दिसल्या. जन्मभर अनवाणी राहिलेल्या, भेगाळलेल्या टाचा, उंबऱ्यात पुढे केलेल्या. नवस नव्हता तो. आणि त्या टाचांना ती जन्मभर तेल चोळत आली होती. तिला मोठ्याने रडू आलं. ते रडणं कुणाचं, हे गावाने विचारलं नाही.

कोरेगावची मंडळी न जेवता उठली. वीरधवलने एकदा वळून पूजाकडे पाहिलं, पण आईने हाक मारली आणि तो गेला. गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती. ती बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. ऋषिराज एका रिकाम्या खुर्चीत डोकं धरून बसला. बायकांनी ओटी भरली, "बाई, काय पायजे तुला?" म्हणून विचारलं, आणि उत्तर आलं नाही तशा एकेक करून घरी गेल्या. धोंडिराम सगळ्यांत शेवटी गेले.

मनुबाईला उठायचं होतं. पण ओट्याच्या कडेवरचा हात उचलेना. बोटं दगडाला धरून होती, पांढरीफटक, आणि तिचं ऐकत नव्हती. तिने दुसऱ्या हाताने ओढून बघितलं. बोटं आणखी आवळली.

पूजा पायरीवरून वर आली आणि शेजारी बसली. तिचे डोळे सुजले होते. मनुबाईला तिच्याकडे बघवेना.

"तुजं लगीन मोडलं गं," ती म्हणाली.

"व्हय," पूजा म्हणाली. तिने नाक पुसलं. मग मनुबाईच्या हातावर आपला हात ठेवला आणि दचकली. तो हात बर्फासारखा गार होता आणि ओला होता. तिने आपला हात काढून घेतला नाही. आपली बोटं त्या बोटांखाली सरकवली, करंगळीपासून एकेक, लहान पोराच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी.

"सोड आता, थोरले आजी," ती हळूच म्हणाली. "मी धरलंय तुला."

हे ती कुणाला म्हणाली, मनुबाईला कळलं नाही. पण हात सुटला.